थंडीतले वेंगुर्ले : भरती-ओहोटी पाहून आखायची सहल

सोलापूर (प्रतिनिधी) : कार्तिकी वारीचे वारकरी पंढरपूरहून परतले, ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला आणि हुरड्याचे निरोप येऊ लागले, की सोलापुरातील अनेक घरांत आणखी एका बेताची चर्चा सुरू होते. यंदाच्या थंडीत मुलांना समुद्र दाखवायचा! गोवा आणि गणपतीपुळे ही नावे सर्वांत आधी पुढे येतात. पण नाताळात तेथे उसळणारी गर्दी आठवली, की 'एखादे शांत गाव नाही का?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. सोलापूरपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, गोव्याच्या सीमेलगत असूनही गोव्याच्या गजबजाटापासून अलिप्त राहिलेले हे बंदराचे गाव थंडीच्या दिवसांत विशेष रमणीय असते.

मात्र शांत गावाची सहल आखणे हे गजबजलेल्या गावापेक्षा काहीसे अवघड काम आहे. मोठ्या पर्यटनस्थळी एक खोली मिळाली नाही तर दुसरी मिळते, एक खानावळ बंद असली तर शेजारची उघडी असते, काही किनाऱ्यांवर जीवरक्षकही तैनात असतात. शांत गावात यातले काहीच गृहीत धरता येत नाही. तेथील व्यवहार गावाच्या सवडीने चालतात आणि समुद्र आपल्या तिथीने चालतो. पाहुण्याने स्वतःचे वेळापत्रक गावावर लादण्याऐवजी गावाचे वेळापत्रक समजून घेतले, तर चार दिवसांचे सोने होते. न समजून घेतल्यास कधी मनस्ताप पदरी पडतो, तर कधी जिवावर बेतते.

बंदराचे जुने गाव

वेंगुर्ले हे आज तालुक्याचे गाव असले, तरी त्याचा इतिहास सागरी व्यापाराचा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डच ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार उभारली. गोव्यातील पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी आणि आपल्या आरमाराला रसद पुरविण्यासाठी डचांना हे बंदर सोयीचे होते. त्या वखारीची भग्न वास्तू गावात अजून उभी आहे. १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाने हे बंदर इंग्रजांच्या स्वाधीन केले. रस्ते आणि रेल्वे यांनी कोकणचा प्रवास बदलण्यापूर्वी घाटावरचा माल याच बंदरातून समुद्रमार्गे जात असे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटकांचा ओघ प्रामुख्याने मालवण आणि तारकर्लीकडे वळला. वेंगुर्ले त्या मानाने मागे राहिले आणि त्यामुळेच त्याची शांतता टिकली.

मराठी वाचकाला हा तालुका वेगळ्या कारणाने परिचित आहे. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्म १९२९ मध्ये वेंगुर्ल्याचा. चिं. त्र्यं. खानोलकर याच तालुक्यातील बागलांची राई या गावचे. जयवंत दळवी यांचे गाव शेजारचे आरवली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोडे येथे शिक्षक होते. एका लहानशा किनारपट्टीने मराठी साहित्याला दिलेली ही देणगी लक्षात घेतली, तर येथील माडांच्या सावल्या आणि खाजणवाटा अधिक ओळखीच्या वाटू लागतात.

कधी जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वेंगुर्ल्याचा उत्तम काळ. पाऊस संपलेला असतो, समुद्र निवळलेला असतो आणि हवेतील दमटपणा सुसह्य असतो. तरीही सोलापूरच्या थंडीची कल्पना मनात ठेवून कपडे भरू नयेत. डिसेंबरात येथे दुपारचे तापमान ३२ ते ३३ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि पहाटे ते २० अंशांच्या आसपास उतरते. स्वेटर लागलाच तर तो आंबोलीच्या घाटात आणि पहाटेच्या किनाऱ्यावर. सुती कपडे, टोपी आणि भरपूर पाणी यांची गरज त्याहून अधिक असते.

सोलापूरकरांसाठी या चार महिन्यांत दोन सोयीचे टप्पे आहेत. पहिला डिसेंबरचा पूर्वार्ध. सहामाही परीक्षा आटोपलेल्या असतात आणि नाताळची गर्दी सुरू झालेली नसते. दुसरा टप्पा सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेनंतरचा. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि अक्षता सोहळा सोडून बाहेरगावी जाण्यास सोलापूरकर सहसा तयार होत नाही. गड्ड्याची धामधूम ओसरली, की जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ मोकळा असतो. दहावी-बारावीची मुले घरात असल्यास मात्र पहिला टप्पाच बरा.

२३ डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस शक्यतो टाळावेत. गोव्यात न मावलेली गर्दी या काळात तेरेखोल ओलांडून शिरोडे, रेडी आणि वेंगुर्ल्यापर्यंत येते. शनिवार-रविवारऐवजी रविवारी दुपारी पोहोचून गुरुवारी परतणे हा सर्वांत सोपा उपाय. रविवारी सायंकाळी किनारा रिकामा होऊ लागतो, तेव्हा पाहुणा गावात शिरत असतो.

थंडी हा कोकणातील जत्रांचाही हंगाम असतो. कार्तिकापासून गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळाच्या प्रांगणात दशावतारी नाटक उभे राहते. तिकीट नाही, खुर्च्यांचे आरक्षण नाही; पहाटेपर्यंत चालणारा हा खेळ पाहणे हा स्वतंत्र अनुभव आहे. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा मात्र वेगळी. तिची तारीख पंचांगातील ठरावीक तिथीवर अवलंबून नसून दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते आणि त्या वेळी लाखो भाविक जिल्ह्यात येतात. ती साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये असल्याने त्या काळातील बेत ठरविण्यापूर्वी तारखेची चौकशी करणे श्रेयस्कर. अन्यथा गाड्या आणि खोल्या दोन्ही मिळणे दुरापास्त होते.

कसे जावे?

स्वतःचे वाहन असणाऱ्यांनी रत्नागिरी-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ धरावा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली असा हा रस्ता सुमारे २३० किलोमीटरवर कोल्हापूरला पोहोचवितो. तेथून निपाणी, आजरा, आंबोली असे सुमारे १३० किलोमीटर उतरल्यावर सावंतवाडी येते. सावंतवाडी ते वेंगुर्ले हे अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे. पहाटे पाचला सोलापूर सोडल्यास न्याहारी आणि जेवणाचे थांबे धरूनही सूर्यास्तापूर्वी वेंगुर्ले गाठता येते. डिसेंबरात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, हे लक्षात ठेवून हिशेब करावा.

या प्रवासात रात्र टाळण्याची दोन कारणे आहेत. थंडी हा उसाच्या गाळपाचा हंगाम. सांगोल्यापासून कोल्हापूरपर्यंत उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अनेकींना मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसते आणि अंधारात त्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. दुसरे कारण आंबोली घाटाचे. वळणे, धुके आणि रस्त्यावर येणारे वन्यप्राणी यांमुळे हा घाट दिवसाउजेडीच उतरावा. उशीर झालाच, तर कोल्हापुरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघणे शहाणपणाचे.

एसटीने जाणाऱ्यांनी कोल्हापूरला गाडी बदलण्याची तयारी ठेवावी. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सावंतवाडीकडे गाड्या सुटतात आणि सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला जाता येते. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासाची मुभा आहे. आजी-आजोबांसह निघणाऱ्या कुटुंबाच्या खर्चात त्यामुळे बराच फरक पडतो. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा सोबत ठेवावा.

रेल्वेचा मार्ग लांबचा आहे. कोल्हापूरपर्यंत लोहमार्ग असला, तरी तेथून कोकणात उतरणारा लोहमार्ग नाही. त्यामुळे पुणे-पनवेलमार्गे कोकण रेल्वे गाठावी लागते. कुडाळ आणि सावंतवाडी रोड ही वेंगुर्ल्यासाठी सोयीची स्थानके. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी खुले होते. डिसेंबरच्या प्रवासासाठी ऑक्टोबरातच तारीख पाहून ठेवावी लागते ती याचसाठी.

अलीकडे एक नवा पर्याय निर्माण झाला आहे. जून २०२५ मध्ये सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्यासाठी विमानसेवा सुरू झाली. हे विमान पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावर उतरते आणि मोपाहून वेंगुर्ले मोटारीने तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. दिवसभराचा रस्ता वाचत असल्याने वृद्ध आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना हा मार्ग उपयुक्त ठरू शकतो. मात्र लहान विमानतळांवरील वेळापत्रके वरचेवर बदलतात. त्यामुळे उड्डाणाचे दिवस आधी पाहावेत आणि मगच खोलीचे पैसे भरावेत. वेंगुर्ले तालुक्यातच चिपी येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्ग विमानतळ आहे, पण सोलापूरकरांना मोपाच अधिक सोयीचे.

कोठे उतरावे?

वेंगुर्ल्यात मोठ्या हॉटेलांची रांग नाही. गावात काही लॉज, किनाऱ्यालगत मोजकी निवासस्थाने आणि आसपासच्या वाड्यांत घरगुती निवास अशी व्यवस्था आहे. घरगुती निवासात यजमानांच्या हातचे जेवण मिळते आणि गावाची माहितीही. परंतु तेथे जेवण सांगितल्याशिवाय तयार होत नाही. सकाळी दुपारचे आणि दुपारी रात्रीचे ताट सांगण्याची सवय पाहुण्यांनी लावून घ्यावी. रात्री दहाला पोहोचून गरम जेवण मागणे हे यजमानावर अन्याय करणारे ठरते.

खोली ठरविताना चार गोष्टी दूरध्वनीवर स्पष्ट विचाराव्यात. किनारा चालत किती मिनिटांवर आहे, गरम पाणी कोणत्या वेळी मिळते, गाडी उभी करण्यास जागा आहे का आणि बेत रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळते का. केवळ छायाचित्रे पाहून अनोळखी खात्यावर संपूर्ण रक्कम पाठवू नये. निवासाचे नाव, जागा आणि दूरध्वनी क्रमांक दुसऱ्या मार्गाने पडताळून घ्यावा आणि मगच अर्धी रक्कम भरावी.

समुद्राचे घड्याळ

सहलीच्या तारखा ठरल्या, की कोकणी माणूस पहिल्यांदा तिथी पाहतो. भरती-ओहोटीचे गणित तिथीवर चालते आणि त्यासाठी किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी; येईल तो आकडा म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. शुद्ध अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि सायंकाळी पाच-सव्वापाचला ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे.

हे गणित जुळण्याचे कारण चंद्राच्या गतीत आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाऊणपटीचा ठोकताळा हेच सांगतो, कारण पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. ठिकाणानुसार काही मिनिटांचा फरक पडतो. नेमकी वेळ स्थानिक मच्छीमारांकडून विचारून घ्यावी.

या हिशेबाचा पर्यटकाला थेट उपयोग आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. पाणी दूरवर मागे हटते, सकाळ-सायंकाळ ओली, घट्ट पुळण चालायला मिळते आणि मुलांना शंख-शिंपले, खेकडे पाहता येतात. अष्टमीच्या आसपास फेरफटक्याच्या नेमक्या वेळी पाणी वर आलेले असते, पण उतार-चढाव सौम्य असतो. फिरायला किनारा हवा असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येचे दिवस निवडावेत. खडकांवर मात्र भरती सुरू झाल्यावर थांबू नये. परतीची वाट पाण्याखाली जाते आणि ते ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

शांत पाणी, फसवे पाणी

सोलापूरकराने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे उजनी. त्या पाण्यावरही संकट कसे येते हे २१ मे २०२४ रोजी दिसले. कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. समुद्राचे पाणी तर कधीच स्थिर नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेंगुर्ले तालुक्यातीलच शिरोडा-वेळागर किनाऱ्यावर कौटुंबिक सहलीसाठी आलेले पर्यटक पाण्यात ओढले गेले आणि त्यांपैकी अनेकांना प्राण गमवावे लागले. पावसाळा संपला म्हणजे धोका संपला, हा समज किती महाग पडतो याचे हे उदाहरण आहे.

किनाऱ्यावर आदळलेले पाणी परत जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यात एकवटते आणि वेगाने आत ओढले जाते. हा पट्टा वरून शांत दिसतो, कारण तेथे लाटा फुटत नाहीत. पोहता न येणारा माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंज देऊ नये, दमछाक होते. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमत असल्यास किनाऱ्याला समांतर दिशेने पोहत पट्ट्यातून बाहेर पडावे. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी साखळी करून पाण्यात उतरणे अत्यंत धोकादायक आहे. दोर, रिकामा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेकून आधार द्यावा आणि मच्छीमारांना हाक मारावी.

शाळेच्या भूगोलातील खारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष भेटतात. थंडीत पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा हवेच्या गाद्या आणि रबरी ट्यूब पाहता पाहता खोल पाण्याकडे नेतो. मुलांना सकाळी अशी खेळणी देऊन पाण्यात सोडू नये.

म्हणून काही नियम घरातूनच ठरवून निघावे. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. ओहोटी लागल्यावर आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरायचे नाही. अंधार पडल्यावर किंवा मद्यपान करून तर मुळीच नाही. नौकेत बसताना जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगात असलेच पाहिजे. आसनाखाली ठेवलेल्या जॅकेटचा नौका उलटल्यावर काही उपयोग नसतो. तातडीच्या प्रसंगी रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवावेत.

काय पाहावे?

पहिली सकाळ बंदरासाठी राखावी. नवाबाग आणि बंदर परिसरात सकाळी होड्या लागतात. काही किनाऱ्यांवर रापण ओढली जाते. होडीतून समुद्रात सोडलेले लांबच लांब जाळे दोन्ही टोकांनी माणसांच्या रांगा किनाऱ्याकडे ओढत आणतात आणि मिळालेल्या मासळीची वाटणी होते. हे दृश्य पाहताना जाळ्याच्या दोराजवळ जाऊ नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत. त्या माणसांची ती कामाची वेळ असते. नंतर डच वखार, गावातील जुने मार्केट आणि सायंकाळी दीपगृहाची टेकडी किंवा उभादांड्याचा सागरेश्वर किनारा असा दिवस सहज भरतो.

दुसरा दिवस दक्षिणेचा. मोचेमाडचा किनारा पाहून आरवलीच्या वेतोबाला जावे. गावाची राखण करण्यासाठी हा देव रात्री फिरतो आणि त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. पुढे शिरोडे. मे १९३० मध्ये येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला होता. रेडीच्या खाणीत १९७६ मध्ये सापडलेली द्विभुज गणेशाची भव्य मूर्ती आणि जवळचा यशवंतगड पाहून तेरेखोलच्या खाडीपर्यंत जाता येते. खाडीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोलचा किल्ला गोव्याच्या हद्दीत मोडतो.

तिसरा दिवस उत्तरेचा आणि निवांत. वायंगणी, कोंडुरा, खवणे, निवती ही नावे एकामागून एक येतात. सर्वच पाहण्याचा अट्टहास नको. यांपैकी कोंडुऱ्याचे नाव खानोलकरांच्या कादंबरीने मराठी वाचकांच्या मनात कायमचे कोरले आहे. मांडवी खाडीत स्थानिक महिला बचत गट कांदळवनातून होडीची फेरी घडवितो. ही फेरीही भरतीच्या वेळेवर ठरते, म्हणून आदल्या दिवशी विचारावे. निवतीसमोरच्या वेंगुर्ले रॉक्स या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांची महत्त्वाची वसाहत आहे. हे पक्षी गुहांत घरटी करतात आणि त्यांना माणसाचा उपद्रव सोसत नाही. तेथे नेण्याचा आग्रह नावाड्यांना करू नये.

काय खावे?

थंडीत ताजी मासळी मुबलक असते. बांगडा, सुरमई, कोळंबी, तिसऱ्या असे पर्याय असतात आणि सकाळच्या मासळीबाजारावर दुपारचे ताट ठरते. सोबत तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी यांवाचून ज्यांचे चालत नाही, त्यांनी चटणीची पुडी घरूनच न्यावी. शाकाहारी मंडळींची घावणे, आंबोळी, उसळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे यांवर उत्तम सोय होते. फक्त खोली ठरवितानाच तसे सांगावे. मार्गशीर्षातील गुरुवारी अनेक घरांत मासळी शिजत नाही, याचीही नोंद असावी.

एक निराशा आधीच सांगितलेली बरी. थंडीत हापूस मिळत नाही. या दिवसांत आंबा मोहरावर असतो आणि ओल्या काजूची उसळ हवी असेल तर फेब्रुवारीनंतरच जावे लागते. सुका काजू मात्र बारमाही. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात विकसित झालेले 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' हे काजूचे वाण शेतकऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहेत. परतीच्या पिशवीत स्थानिक कारखान्यातील काजूगर, कोकम आणि आमसुले असावीत.

पाहुण्याचा धर्म

थंडीचे महिने ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे असतात. वायंगणीसह सिंधुदुर्गातील काही किनाऱ्यांवर माद्या रात्री अंडी घालण्यासाठी येतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले समुद्राकडे निघतात. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर कोस्टा रिकातील ओस्तिओनाल येथे आणि ओडिशाच्या गहिरमाथ्याला हीच कासवे हजारोंच्या संख्येने येतात. येथे त्यांची घरटी मोजकी आणि म्हणूनच अधिक जपण्याजोगी. रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या, शेकोट्या, मोटारींचे दिवे यांमुळे मादी परत फिरते आणि पिल्ले भलत्या दिशेला भरकटतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना पूर्ण संरक्षण दिले आहे. पिल्ले पाहायचीच असल्यास स्थानिक कासवमित्रांसोबत, ते सांगतील तेवढ्या अंतरावरून पाहावीत.

मोटार पुळणीवर नेण्याचा मोह टाळावा. वाळूत रुतलेली गाडी भरतीपूर्वी निघाली नाही तर तिचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही. वेंगुर्ले नगर परिषदेने २०१५ नंतर कचऱ्याच्या काटेकोर वर्गीकरणातून राज्यभर नाव मिळविले आहे. पाहुण्यांनीही ओला, सुका, काच, प्लास्टिक असा कचरा वेगळा करूनच द्यावा. ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर बंदी आहेच. पण ज्या शांततेसाठी चारशे किलोमीटरचा प्रवास केला, ती आपल्याच गाडीतील गाण्यांनी मोडू नये, हे कायद्याने सांगावे लागू नये.

निघण्यापूर्वी

नेहमीची औषधे, उलटीवरच्या गोळ्या, डास प्रतिबंधक मलम आणि थोडी रोख रक्कम सोबत असावी. आडगावच्या किनाऱ्यांवर भ्रमणध्वनीचे जाळे दगा देते, तेव्हा ऑनलाइन पैसे देता येत नाहीत. वेंगुर्ल्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. त्याची जागा पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी. चार मुक्कामांपैकी एक दिवस पूर्णपणे मोकळा ठेवावा. त्या दिवशी काहीही 'पाहायचे' नसते.

सोलापूरच्या कोरड्या, विस्तीर्ण माळावर वाढलेल्या मुलाला समुद्राचे पहिले दर्शन आयुष्यभर पुरते. ते दर्शन निर्धास्तपणे घडावे, यासाठी घरच्या मोठ्यांनी निघण्यापूर्वी तासभर पंचांग उघडून बसायला हवे. तिथी पाहावी, तिची पाऊणपट करावी आणि मगच सामान भरायला घ्यावे.